मेल सर्व्हर नवा झाला, अलर्ट गप्प झाले: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

सर्व्हर रूमच्या भिंतीवर एक छोटी पेटी असते. तापमान ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं, दमटपणा वाढला किंवा जमिनीवर पाणी आलं की ती मेल पाठवते. यूपीएसमधलं नेटवर्क कार्ड, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बॅकअपचं स्टोरेज, औषधांच्या फ्रीजवर लक्ष ठेवणारा सेन्सर ही सगळी याच जातकुळीतली डिव्हाइस. एकदा बसवली की वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. फिरकावं लागू नये म्हणूनच तर ती घेतलेली असतात.

मग कधीतरी मेल सर्व्हर अपग्रेड होतो. लोकांचे मेल नीट येतात-जातात, काम फत्ते झालं असं जाहीर होतं. ती पेटी मात्र त्या दिवसापासून एकही मेल पाठवू शकलेली नसते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण सगळं ठीक असतं तेव्हाही अलर्ट येत नाही आणि अलर्टची वाटच बंद पडते तेव्हाही येत नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. एसी बंद पडल्यावर किंवा बॅटरी संपल्यावर हे कळण्यापेक्षा अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी कळलेलं बरं. म्हणून हा बिघाड 'सवडीने बघू'च्या यादीत टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

## डिव्हाइस मेल पाठवतं म्हणजे नेमकं काय करतं?

एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे मेल जातो तो एसएमटीपी नावाच्या नियमांनुसार. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ते आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले, आणि २००८ सालच्या आरएफसी ५३२१मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती आली. नाव बोजड असलं तरी प्रकार साधा आहे. दोन यंत्रं एकमेकांशी ओळीओळीने बोलतात.

डिव्हाइस जोडणी करतं. सर्व्हर म्हणतो, २२०, तयार आहे. डिव्हाइस 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतं. उत्तर येतं २५०, ठीक. मेल अमुक पत्त्यावरून आहे, २५०. तमुक पत्त्यासाठी आहे, २५०. आता मजकूर देऊ का? ३५४, दे. मजकूर संपला की एका ओळीत फक्त एक टिंब. सर्व्हर म्हणतो, २५०, घेतला.

उत्तरातल्या पहिल्या आकड्यावर सगळा खेळ आहे. २ म्हणजे हो. ३ म्हणजे पुढे बोल. ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने ये. ५ म्हणजे नाही. पुढचं सारं निदान या आकड्यांवरच चालतं.

## फोनवरून मेल जातोय, मग सर्व्हर बरोबरच आहे ना?

हो, सर्व्हर बरोबरच असतो. म्हणून तर हा घोळ उमगायला वेळ लागतो.

इमारतीच्या दारावर जुना पहारेकरी होता, तो चेहरा ओळखून आत सोडायचा. त्याच्या जागी नवा आला, तो प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतो. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना बदल जाणवतही नाही. रोज नुसत्या ओळखीवर आत येणारा माणूस मात्र बाहेरच अडकतो.

फोन आणि लॅपटॉपमधले मेलचे प्रोग्राम सतत अपडेट होत असतात, त्यामुळे सर्व्हरने नवं काही मागितलं तर त्यांच्यापाशी ते बहुतेक वेळा असतंच. भिंतीवरच्या पेटीतलं फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच आत भरलेला प्रोग्राम, बसवल्या दिवसापासून तसाच असतो. अपग्रेडमध्ये कोणी एकही सेटिंग मुद्दाम बदललेलं नसलं, तरी नव्या आवृत्तीबरोबर मुळातली सेटिंग्ज कडक होऊन येतात.

## आधी लॉग उघडा

अशा वेळी बहुतेकांचा हात डिव्हाइसच्या सेटिंगकडे जातो. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, बदलून बघ, पासवर्ड पुन्हा टाक, रीस्टार्ट कर, टेस्टचं बटण दाब. ही साप म्हणून भुई धोपटणं झालं. 'मेल पाठवता आला नाही' एवढ्या एका वाक्यापलीकडे डिव्हाइस काही सांगत नाही. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. सर्व्हरवर पोस्टफिक्स हा मेलचा प्रोग्राम असेल तर मेलच्या लॉगमध्ये डिव्हाइसचा आयपी पत्ता शोधा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये नव्याने बनवलेल्या रिसीव्ह कनेक्टरचं, म्हणजे मेल आत घेणाऱ्या दाराचं, प्रोटोकॉल लॉगिंग (बोलण्याची नोंद) मुळात बंद असतं, ते आधी चालू करा आणि मग डिव्हाइसवरून टेस्ट मेल पाठवा.

लॉगमध्ये त्या आयपीची एकही ओळ नसेल तर डिव्हाइस सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये. सर्व्हरचा पत्ता बदलला आणि डिव्हाइसमध्ये जुनाच राहिला, फायरवॉलचा नियम राहून गेला, डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, चुकली. ही कारणं तासाभरात सापडतात, त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. ओळी आहेत पण बोलणं मध्येच तुटतंय, असं असेल तर नेमकं कोणत्या ओळीवर तुटलं ते बघायचं. आणि २५० मिळूनही मेल दिसत नसेल, तर डिव्हाइसने त्याचं काम केलंय. शोध पुढे, स्पॅमच्या फोल्डरमध्ये घ्यायचा.

## सुरक्षित जोडणीच जमत नाही

सगळ्यात जास्त वेळा गाडी इथे अडते. बोलणं कोणी मध्येच वाचू नये म्हणून ते टीएलएस या पद्धतीने सांकेतिक केलं जातं. टीएलएसच्या आवृत्त्या आहेत: १.० आली १९९९ साली, १.१ आली २००६ साली, १.२ आली २००८ साली आणि १.३ आली २०१८ साली. पहिल्या दोन मार्च २०२१मध्ये आरएफसी ८९९६ने अधिकृतपणे मोडीत काढल्या. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्या आधीच बंद झाल्या होत्या; २०१९ सालच्या डेबियन १० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ओपनएसएसएलची, म्हणजे टीएलएसचं काम करणाऱ्या प्रोग्रामची, किमान मर्यादा १.२ ठेवलेली होती. ओपनएसएसएल ३.०मध्ये तर मुळातल्या सुरक्षा पातळीवर १.० आणि १.१ चालतच नाहीत. म्हणजे कोणी मेल सर्व्हरला हात न लावता नुसती ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी जुनं डिव्हाइस बाहेर पडू शकतं. लॉगमध्ये तेव्हा 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' असे शब्द दिसतात.

'नो शेअर्ड सायफर' दिसलं तर कारण वेगळं. दोघांना येणारी एकही सांकेतिक पद्धत सामाईक नाही, असा त्याचा अर्थ. याच्या मागे एक चकवा आहे. सर्टबॉट हा सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणून देणारा प्रोग्राम आवृत्ती २.०पासून नव्या सर्टिफिकेटसाठी आरएसएच्या जागी ईसीडीएसए प्रकारची किल्ली बनवतो. फक्त आरएसए समजणारं डिव्हाइस तिथेच थांबतं. सर्व्हरवर आरएसए सर्टिफिकेट जोडीला ठेवलं की हा प्रश्न सुटतो, सुरक्षा कुठेही ढिली न करता.

उलट बाजूनेही अडचण येते. काही डिव्हाइस सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासून बघतात. त्यासाठी त्यांच्या पोटात विश्वासू संस्थांची यादी असते, आणि जुन्या फर्मवेअरमधली यादी शिळी झालेली असते. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटना जुन्या यंत्रांवर मान्यता मिळायची ती ज्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारे, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि जुनी कितीतरी यंत्रं त्या दिवशी अडली. घड्याळाचंही तसंच. आतली बॅटरी संपली आणि वेळ पुरवणारा सर्व्हर सापडला नाही की डिव्हाइस १९७० सालात जाऊन बसतं. मग आजचं सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. म्हणून डिव्हाइसच्या पानावर गेल्यावर मी आधी तारीख बघतो, बाकी सगळं नंतर.

शिवाय मेन्यूतल्या शब्दांचा गोंधळ. बऱ्याच डिव्हाइसमध्ये 'एसएसएल' आणि 'टीएलएस' असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याचा अर्थ बहुधा पोर्ट ४६५, म्हणजे जोडणी पहिल्या क्षणापासून सांकेतिक. दुसऱ्याचा अर्थ पोर्ट ५८७, म्हणजे आधी साधं बोलणं आणि मग 'स्टार्ट टीएलएस' म्हणून सांकेतिक बोलण्यावर जाणं. पर्याय एका पद्धतीचा आणि पोर्ट दुसऱ्या पद्धतीचा, अशी जोडी लावली की 'राँग व्हर्जन नंबर' अशी दिशाभूल करणारी तक्रार दिसते. माणूस आवृत्त्या शोधत बसतो, चूक मात्र पोर्टची असते.

## पासवर्ड बरोबर आहे, तरी ५३५ का?

५३५ म्हणजे ओळख पटली नाही. पासवर्ड चुकला हे त्याचं एक कारण, एकमेव नाही. गूगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांमध्ये नुसता नाव-पासवर्ड टाकून येणाऱ्या, त्यांच्या भाषेत कमी सुरक्षित असलेल्या ॲपना दार बंद केलं. तिथे आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. जुन्या डिव्हाइसमध्ये पासवर्डची चौकट आखूड असली तर तो पूर्ण मावतोच असं नाही, आणि शेवटची अक्षरं कापली गेली तरी डिव्हाइस काही बोलत नाही. मोजून बघा.

आपल्याच सर्व्हरवर वेगळा प्रकार होतो. जोडणी सांकेतिक झाल्याशिवाय पासवर्ड घेऊच नये, हे शहाणपणाचं सेटिंग नव्या सर्व्हरवर चालू असतं. जुनं डिव्हाइस साध्या जोडणीवरच पासवर्ड द्यायला जातं. सर्व्हर ५३० देऊन सांगतो, आधी स्टार्ट टीएलएस म्हण. डिव्हाइसला ते समजत नाही आणि ते सरळ लाइन तोडतं.

## बोलण्यातल्या बारीक चुका, ज्या पूर्वी खपायच्या

'हेलो' म्हणताना डिव्हाइसने आपलं पूर्ण नाव, डोमेनसकट, सांगावं असा नियम आहे. पुष्कळ डिव्हाइस नुसतं 'यूपीएस' किंवा 'लोकलहोस्ट' म्हणतात. कडक सर्व्हर त्यावर ५०४ देतो. डिव्हाइसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये होस्टनेम आणि डोमेन दोन्ही भरले की बहुतेक वेळा भागतं. 'पाठवणारा' म्हणून अस्तित्वातच नसलेला पत्ता टाकलेला असतो, तो खराखुरा करावा. ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याच खात्याचा असला तर उत्तम.

एक बदल मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. नियमानुसार मेलमधली प्रत्येक ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. घाईत लिहिलेलं फर्मवेअर फक्त लाइन फीड पाठवतं. सर्व्हर उदार होते, चालवून घ्यायचे. डिसेंबर २०२३मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग' नावाचा हल्ला उघड झाला. मजकूर कुठे संपला याबद्दल दोन सर्व्हरचं मत वेगळं असेल, तर एका मेलच्या पोटात दुसरा बनावट मेल लपवून आत घुसवता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. उदारपणा महागात पडतोय म्हटल्यावर पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल या मेल सर्व्हरच्या प्रोग्रामांनी, सगळ्यांनीच, दारं आवळली. पोस्टफिक्स ३.९पासून मजकुराच्या शेवटच्या टिंबाआधी आणि नंतर ही दोन्ही चिन्हं असल्याशिवाय मेल संपला असं मानलंच जात नाही.

डिव्हाइसने चुकीचा शेवट केला तर सर्व्हर पुढच्या मजकुराची वाट बघत राहतो, डिव्हाइस २५०ची वाट बघत राहतं, आणि शेवटी दोघांपैकी एकजण कंटाळून जोडणी तोडतो. लॉगमध्ये दिसतं की 'डेटा'पर्यंत, म्हणजे 'आता मजकूर देऊ का?' या ओळीपर्यंत, सगळं व्यवस्थित, आणि मग टाइमआउट. नेटवर्क हळू आहे म्हणून केबल बदलण्यात वेळ जातो. पोस्टफिक्सने मुळातच 'माय नेटवर्क्स' या विश्वासातल्या यंत्रांच्या यादीतल्यांना या नियमातून सूट दिलेली आहे. अपग्रेडमध्ये ती यादी नव्याने लिहिली गेली असेल आणि डिव्हाइसचा आयपी तिच्यातून गळला असेल, तर घोडं इथेच पेंड खातंय.

४ने सुरू होणाऱ्या उत्तरांचंही असंच. काही सर्व्हर अनोळखी यंत्राला पहिल्यांदा मुद्दाम 'नंतर ये' म्हणतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारा बहुधा येत नाही, असा त्यामागचा हिशेब. पण स्वस्त डिव्हाइसकडे मेल साठवून पुन्हा पाठवण्याची सोयच नसते. ४५० मिळालं की ते अलर्ट टाकून देतं. कायमचा.

## मग सर्व्हरवर जुनं सगळं परत चालू का करू नये?

हा आग्रह अगदी स्वाभाविक आहे. एक ओळ बदलली की अलर्ट सुरू होतात. पण टीएलएस १.० परत चालू केलं की ते त्या पोर्टवर येणाऱ्या प्रत्येकासाठी चालू होतं. एका पेटीसाठी सगळ्यांच्या पत्रव्यवहाराची सुरक्षा उतरवायची, हा सौदा मला मान्य नाही.

पहिल्यांदा फर्मवेअरची नवी आवृत्ती निघाली आहे का बघा. नसेल, तर मध्ये एक छोटा रिले बसवा. रिले म्हणजे आपल्याच आतल्या नेटवर्कमधलं एक लहानसं यंत्र, ज्यावर पोस्टफिक्ससारखा प्रोग्राम चालतो. ते डिव्हाइसकडून जुन्या पद्धतीने मेल घेतं आणि मुख्य सर्व्हरकडे नव्या पद्धतीने, टीएलएस आणि पासवर्डसह, पोर्ट ५८७वरून पाठवतं. शिवाय त्याच्याकडे रांग असते. मुख्य सर्व्हर थोडा वेळ बंद असला किंवा 'नंतर ये' म्हणाला, तरी मेल हरवत नाही. माझ्या मते रिलेचा हा फायदा टीएलएसच्या अडचणीहून मोठा आहे.

पण रिले हेही एक भोकच झालं ना, असं कोणी विचारेल. होऊ शकतं, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे. रिलेने मेल कोणाकडून घ्यायचा त्या यादीत नेमके डिव्हाइसचे आयपी लिहा, अख्खं नेटवर्क लिहू नका. पाठवायचे पत्तेही अलर्टच्या लोकांपुरतेच ठेवा. ही यादी सैल सोडली आणि रिले इंटरनेटवरून दिसू लागला, तर स्पॅम पाठवणारे त्याला लवकरच शोधून काढतात आणि आपला आयपी काळ्या यादीत जातो. मग लोकांचेही मेल अडतात. आगीतून फुफाट्यात.

## टेस्ट मेल पोचला, आता झालं का?

अजून नाही. टेस्ट मेल आणि खरा अलर्ट यांची वाट नेहमीच एक नसते. काही डिव्हाइसमध्ये टेस्ट एकाच पत्त्यावर जातो आणि अलर्टचे पत्ते वेगळ्या पानावर असतात. म्हणून खरा अलर्ट उठवून बघा. खोलीत २४ अंश असतील तर मर्यादा २२ करा आणि मेल येतो का बघा. आल्यावर मर्यादा पूर्ववत करायला विसरू नका. यूपीएसची तपासणी प्लग उपटून करू नका, त्यासाठी सेल्फ टेस्टची सोय असते.

मेल कुठे येऊन पडला तेही बघा. डिव्हाइसचे मेल दिसायला संशयास्पद असतात: मेसेज-आयडी (मेलचा ओळख क्रमांक) नाही, तारीख चुकीची, मजकूर दर वेळी तोच. घड्याळ १९७०मध्ये असेल तर मेल इनबॉक्सच्या तळाशीही जाऊन बसू शकतो. अलर्ट कोणाच्या जीमेलवर जात असतील, तर फेब्रुवारी २०२४पासून गूगलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केलं आहे. पाठवणारा त्या डोमेनचाच आहे याचे हे पुरावे. डिव्हाइस स्वतः ते देऊ शकत नाही, मुख्य सर्व्हर देतो. रिलेच्या बाजूने हे आणखी एक कारण.

आणि गप्प बसण्याचा अर्थ कायमचा स्पष्ट करायचा असेल, तर डिव्हाइसला रोज ठरलेल्या वेळी 'मी ठीक आहे' असा मेल पाठवायला लावा. तो माणसाने वाचायचा नाही, कारण चार दिवसांत माणूस त्याकडे कानाडोळा करू लागतो. एखाद्या स्क्रिप्टने तो मोजावा, आणि आला नाही तर बोंब मारावी. तीही मेलखेरीज दुसऱ्या वाटेने.

## वीजच गेली तर?

हा प्रश्न अपग्रेडशी थेट जोडलेला नाही, पण हे काम हातात घेतलंच आहे तर इथपर्यंत जायलाच हवं. 'वीज गेली' हा मेल डिव्हाइसमधून स्विचकडे, तिथून रिलेकडे, पुढे मेल सर्व्हरकडे आणि राउटरमधून बाहेर जातो. यातलं एक जरी यूपीएसवर नसेल, तर तो मेल निघतच नाही. प्रत्येकाची वायर हाताने शोधून, ती कुठे खोचली आहे ते डोळ्यांनी बघा. मेल सर्व्हर त्याच रॅकमध्ये असेल आणि बॅटरी उतरली की यूपीएसचं सॉफ्टवेअर त्यालाच आधी बंद करत असेल, तर बंद करण्याचा क्रम बदला. मेल सर्व्हर, रिले, स्विच आणि राउटर शेवटी राहू द्या.

अशा बऱ्याच डिव्हाइसच्या पाठीमागे ड्राय कॉन्टॅक्टचे दोन स्क्रू असतात, सहसा रिकामेच. अलर्ट उठला की ते आतून जोडले जातात. त्यांना दोन वायरी लावून, स्वतःची बॅटरी असलेला एक साधा भोंगा चोवीस तास माणूस बसतो त्या खोलीत नेता येतो. त्याला टीएलएस लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि पुढच्या अपग्रेडमध्ये त्याला कोणी हात लावणार नाही.